दमट हवेत लेटेक्स ट्यूब कशा साठवाव्यात

वसईहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: सायकलच्या तीन लेटेक्स ट्यूब मार्चपासून बेडरूममधल्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात पडून होत्या. पहिली कोरी, पण खोका फाटला म्हणून चादरीच्या चेनवाल्या पारदर्शक पिशवीत, कपड्यांशेजारी, डांबरगोळ्यांच्या सहवासात ठेवलेली. दुसरी थोडी वापरून, धुऊन पुन्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलेली. तिसरी किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर बरीच चाललेली, चाकातून काढून तशीच गुंडाळलेली. गणपतीनंतर कपाट उघडलं तर पहिली बोटांना चिकटते, दुसरीवर काळपट ठिपके नि कुबट वास, तिसरीच्या व्हॉल्व्हच्या बुडाशी हिरवट डाग. यातली कोणती वापरावी, आणि पुढे ट्यूब कशा ठेवाव्यात?

आधी निकाल सांगतो. चिकट झालेली टाकून द्या, टाल्क पावडर लावून ती बरी होणार नाही. बुरशीची धुऊन, तपासून बहुधा वापरता येईल. हिरव्या डागाची ट्यूब टायरबाहेर हवा भरून, व्हॉल्व्हचं बूड ताणून बघितल्याशिवाय चाकात घालू नका. माझं मत विचाराल तर तिला उतारावरच्या पुढच्या चाकात कधीच नको. कपाट एकच होतं, पण तिघींना तीन वेगवेगळ्या गोष्टींनी खाल्लं आहे. त्यामुळे उपायही एक नाही.

लेटेक्स ट्यूब म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, त्यात गंधक आणि थोडी रसायनं घालून पक्का केलेला. या नैसर्गिक रबराच्या साखळीत जवळपास प्रत्येक कडीला एक दुहेरी बंध असतो आणि ऑक्सिजन, ओझोन, अतिनील किरण यांना पकड मिळते ती तिथेच. नेहमीच्या काळ्या ब्युटाइल (कृत्रिम रबराच्या) ट्यूबमध्ये असे बंध शंभर कड्यांमागे जेमतेम दोन-तीन. म्हणून ब्युटाइल ट्यूब माळ्यावर वर्षानुवर्षं लोळली तरी चालते आणि लेटेक्स चालत नाही. शिवाय काळ्या रबरात काजळी असते, ती प्रकाश अडवते. लेटेक्सची फिकट, अर्धपारदर्शक भिंत प्रकाश आत घेते. वर ही भिंत साधारण अर्धा मिलिमीटर. जाड वस्तूत ऑक्सिजन पृष्ठभागापाशीच अडकून राहतो, आतलं रबर वाचतं. अर्ध्या मिलिमीटरमध्ये ‘आतलं’ असं काही उरतच नाही.

विट्टोरिया, मिशलँ, चॅलेंज, व्रेडेस्टाइन या कंपन्यांच्या लेटेक्स ट्यूब आपल्याकडे येतात किंवा मागवल्या जातात. ‘थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा’ हा ठरलेला सल्ला युरोपातल्या तळघरांतून आलेला आहे. तिथले जुने रेसर रिमला चिकटवायचे ट्यूब्युलर (ट्यूब आतच शिवलेले) टायर महिनोन्‌महिने तळघरात ‘मुरवत’ ठेवायचे. वसई, अलिबाग, रत्नागिरी, मडगाव इथल्या घरात थंड, कोरडी आणि अंधारी अशी तिन्ही गुणांची एकच जागा पावसाळ्यात सापडत नाही. अंधारी असेल ती सर्द असते, कोरडी असेल ती तापते. म्हणून कामाची विभागणी करायची. ओल, उजेड आणि ओझोन यांना डबा अडवतो. उष्णतेला कुठलाही डबा अडवू शकत नाही, तिच्यासाठी जागा निवडावी लागते. आणि जागेनंही भागत नाही तेवढं खरेदीच्या वेळेनं आणि संख्येनं भागवायचं.

उष्णतेचा हिशेब

रबरी वस्तूंच्या साठवणीसाठी आयएसओ २२३० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात नैसर्गिक रबर सगळ्यात कमी टिकणाऱ्या गटात येतं: तापमान २५ अंशांखाली आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांखाली ठेवलं तर सुरुवातीची मुदत ५ वर्षं, तपासून आणखी २. दीड मिलिमीटरपेक्षा पातळ वस्तूंना ही मुदत कमी धरावी, अशी सूचनाही त्यात आहे. आपली ट्यूब त्या मर्यादेच्या एक तृतीयांश जाडीची.

रबर जुनं होण्याचा वेग ढोबळमानानं दर १० अंशांना दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांना जे ४ वर्षांत होईल ते ३५ अंशांना २ वर्षांत आणि ४५ अंशांना वर्षभरात. मुंबई-कोकणात घरातलं तापमान बहुतेक वर्ष २७ ते ३३ च्या दरम्यान असतं, ते फार भयंकर नाही. भयंकर असतो तो माळा, पत्र्याखालची खोली, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट आणि गाडीची डिकी. उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान ६० अंशांपुढे जातं, तिथली एक दुपार कपाटातल्या दीड-दोन दिवसांइतकी महाग पडते. नागपूर-चंद्रपूरकडे बुरशीची चिंता मे महिन्यात शून्य, पण तिथे उष्णतेचा प्रश्न कोकणापेक्षा मोठा. तिकडच्या मंडळींनी डब्यापेक्षा जागेवर डोकं खर्च करावं.

जागा कुठली? ज्या खोलीत रात्री एसी चालतो त्या खोलीतल्या कपाटाचा तळाचा किंवा मधला खण. भिंत आतली हवी, बाहेरची पश्चिमेची किंवा दक्षिणेची नको. गरम हवा वर जाते, म्हणून वरचा खण नको. कोकणातल्या तळमजल्याच्या घरात थेट फरशीवरही नको, पावसाळ्यात जमिनीतून ओल येते. चार-सहा इंच उंच ठेवा. स्वयंपाकघर तर वर्ज्यच. फोडणीचा तेलकट धूर कुठल्याही डब्यावर बसतो, आणि डबा उघडणाऱ्या हातालाही तेल असतं.

चिकट झालेली पहिली ट्यूब

ही फक्त उकाड्यानं गेली असं वाटत नाही. सहा महिन्यांच्या साध्या उकाड्यात कोरी ट्यूब इतकी सहसा बिघडत नाही. माझा संशय पिशवीवर आणि डांबरगोळ्यांवर आहे. चादरीच्या त्या जाड पारदर्शक पिशव्या बहुधा मऊ पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला मऊ करायला तेलासारखं द्रव्य घालतात. ते द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारच्या रबरात शिरतं. उष्णता असली की हा प्रवास वेगानं होतो. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलिन; तिची वाफ नैसर्गिक रबर शोषून घेतं आणि फुगून मऊ पडतं. या दोन्हींनी रबर मऊ झालं की ऑक्सिजनचं काम सोपं होतं, साखळ्या तुटत जातात आणि पृष्ठभाग गोंदासारखा होतो. नैसर्गिक रबराची ही ठरलेली खूण आहे: आधी चिकटतं, नंतर कधीतरी कडक होऊन तडकतं. तुटलेल्या साखळ्या पुन्हा जुळत नाहीत. वरून टाल्क लावलं तर चिकटपणा झाकला जातो, ताकद येत नाही. अशी ट्यूब टायरच्या आत ७ बार (सुमारे १०० पीएसआय) दाबाखाली कडेच्या एखाद्या बारीक फटीत घुसते आणि अचानक जाते.

म्हणून ट्यूबला स्पर्श होईल अशा वस्तूंत मऊ पीव्हीसी नको, वर्तमानपत्र नको (शाईत तेल असतं), तेलकट कापड नको. चालतो तो पॉलिथीन, बटर पेपर किंवा कोरा तपकिरी कागद. धान्याच्या किंवा फ्रीजर पिशव्यांवर ‘एलडीपीई’ किंवा त्रिकोणात ४ असं लिहिलेलं असतं, त्या उत्तम. पिशवी जाड घ्या, निदान ७५ मायक्रॉन. पंक्चरचं सोल्यूशन त्याच डब्यात ठेवायची चूक फार जण करतात. त्याची नळी कितीही घट्ट बंद केली तरी उकाड्यात थोडी वाफ सोडतेच आणि ती वाफ रबर फुगवणाऱ्या द्रावकाचीच असते. सोल्यूशन, चेनचं तेल, ग्रीस, डिग्रीझर यांचा डबा वेगळा.

बुरशी

दुसऱ्या ट्यूबवरचे ठिपके रबराच्या बिघाडाचे नाहीत. चिकाबरोबर आलेली प्रथिनं आणि साखरेसारखे अंश थोड्या प्रमाणात तयार ट्यूबमध्येही राहतात, वर हाताचा घाम, धूळ, साबणाचा अंश. आर्द्रता ८० टक्क्यांवर राहिली की बुरशीला एवढं पुरतं. पुठ्ठ्याचा खोका स्वतःच पाणी पितो आणि ते दिवसेंदिवस ट्यूबला देत राहतो. ट्यूब धुऊन नीट न वाळवता आत घातली असेल तर विचारायलाच नको.

इथे पावडरीचा मुद्दा येतो. ट्यूबला पावडर लावायची ती भिंती एकमेकींना आणि टायरला चिकटू नयेत म्हणून. आयएसओच्या यादीत टाल्क, खडूची पूड, अभ्रकाची बारीक पूड आणि तांदळाचा स्टार्च असे चार पर्याय चालतात. पण ते कोरड्या गोदामासाठी. कोकणात स्टार्च म्हणजे बुरशीला वाढलेलं ताट. बाजारातल्या काही बेबी पावडरी आता मक्याच्या स्टार्चच्या असतात, म्हणून डब्यावरचे घटक वाचून घ्या. साधं टाल्क, म्हणजे आपल्याकडचं शंखजिरे, बिनवासाचं मिळालं तर सगळ्यात चांगलं. टायरच्या दुकानात ‘फ्रेंच चॉक’ म्हणून मिळतं ते हेच. कॅरमची पावडर वापरू नका, ती बहुतेकदा बोरिक ॲसिड असते आणि ओलीत व्हॉल्व्हच्या धातूला त्रास देते.

बुरशीची ट्यूब कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून हातानंच धुवा. ब्रश नको. ब्लीच नको, क्लोरीन रबरावर हल्ला करतं. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांचं तर नावही नको. सायकलच्या दुकानात पंक्चर काढण्याआधी ट्यूब पेट्रोलच्या फडक्यानं पुसायची सवय असते. काळ्या ट्यूबला ती सोसते, लेटेक्सला नाही. धुतल्यावर पंख्याखाली, सावलीत, २४ तास. पावसाळ्यात ३६ ते ४८. दोरीवर उन्हात वाळवणं म्हणजे रोगापेक्षा औषध वाईट.

व्हॉल्व्हचा हिरवा डाग

हा मुद्दा युरोपातल्या सल्ल्यांत क्वचित दिसतो, कारण तिथल्या तळघरात खारी हवा नसते. प्रेस्टा व्हॉल्व्हची (या ट्यूबना असतो तो बारीक, लांब व्हॉल्व्ह) दांडी बहुतेक पितळी असते, वर निकेलचा मुलामा. किनाऱ्याची खारी हवा, घाम आणि ओल यांनी मुलाम्याखालचं पितळ कळकतं, पितळी भांड्यात ताक कळकतं तसंच. त्या हिरव्या पुटात तांब्याचे क्षार असतात. तांबं आणि मँगनीज हे नैसर्गिक रबराचे जुने वैरी: अगदी अत्यल्प प्रमाणात रबरात शिरले तरी ऑक्सिजनच्या हल्ल्याला ते कित्येक पटींनी वेग देतात, आणि या कामात स्वतः खर्च होत नाहीत. म्हणून डाग पुसला तरी आत शिरलेलं काम चालू राहतं. ट्यूब इतरत्र टवटवीत आणि व्हॉल्व्हच्या बुडाभोवती बोटभर घेरात मऊ, पिवळट, चिकट, असं चित्र याच कारणानं दिसतं.

उपाय सोपा आहे, पण आळस आड येतो. ट्यूब चाकातून काढली की व्हॉल्व्हची टोपी आणि रिमवरचं नट काढून वेगळं ठेवा. दांडी ओल्या फडक्यानं पुसा, मीठ गेलं पाहिजे. कोरडी करा. मग पॉलिथीनचा छोटा तुकडा दांडीभोवती गुंडाळा आणि वर बटर पेपरचा वेढा द्या, म्हणजे दांडी गुंडाळीतल्या कुठल्याच रबराला टेकणार नाही. दांडीचे आटे रबरावर दाबले गेले तरी वळ पडतात, त्यालाही हा वेढा उपयोगी. व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असेल तर तांब्याची भीती नाही, वेढा तरीही द्या. तांब्या-पितळेची भांडी असलेल्या फळीवर डबा ठेवायचा असेल तर डबा बंद असेपर्यंत काही बिघडत नाही. सुटी ट्यूब मात्र तिथे टेकवू नका.

ओझोन आणि घड्या

ओझोन ताणलेल्या रबरालाच चिरतो. सैल पडलेल्या रबरावर त्याचा परिणाम वरवरचा राहतो, पण जिथे घडी आहे तिथे बाहेरची बाजू ताणलेली असते, आणि तिथे ताणाच्या आडव्या दिशेनं बारीक चिरा पडतात. शहराच्या हवेत दुपारी ओझोन असतोच. घरात तो तयार होतो ब्रश असलेल्या मोटरींच्या ठिणग्यांतून (मिक्सर, ड्रिल), आणि भाज्या धुण्याच्या ओझोनायझरमधून तर मुद्दामच. ज्या कपाटात किंवा खोलीत असं यंत्र चालतं तिथे ट्यूब नको. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घडी नको. कंपनीच्या खोक्यात ट्यूब करकचून दुमडून, वर रबरबँड लावून आलेली असते. ती सहा महिने तशीच ठेवू नका. रबरबँड तर आधी काढा. दमट हवेत तो स्वतः वितळून ट्यूबवर कायमचा चिकटतो.

आता प्रत्यक्ष कृती

दिवस निवडा. जुलैत खिडकी उघडी ठेवून डबा भरलात तर जुलै आतच बंद होतो. २८ अंश आणि ८८ टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरला साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. २४ अंश, ५० टक्के अशा एसीच्या खोलीत ११ ग्रॅम. तासभर एसी चालवून त्याच खोलीत बसून भरा, नाहीतर डिसेंबरच्या दुपारची वाट बघा.

हात साबणानं धुऊन कोरडे करा. सनस्क्रीन, केसांचं तेल, चेनचं ग्रीस काहीही नको. धुतलेली, वाळलेली ट्यूब सपाट पृष्ठभागावर ठेवा, व्हॉल्व्ह उघडा, आणि व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून व्हॉल्व्हकडे गुंडाळत सगळी हवा काढा. बराच काळ वापरलेली असेल तर व्हॉल्व्हचा गाभा पान्यानं काढून रात्रभर तशीच राहू द्या. पंपातून गेलेल्या दमट हवेचं पाणी आत असू शकतं. मग गाभा परत बसवून पंपाचा अर्धा फटका द्या, इतकाच की आतल्या भिंती एकमेकींवर सपाट दाबून राहणार नाहीत. हवा तोंडानं फुंकू नका. श्वासाइतकी दमट हवा जुलैतही नसते.

एका मोठ्या पिशवीत चहाचा एक चमचा टाल्क घ्या, ट्यूब आत घालून हलवा, बाहेर काढून झटका. पांढरा थर दिसत असेल तर पावडर जास्त झाली. जास्तीची पावडर ओल धरून गोळे करते. मग ट्यूबची सैल वेटोळी करा, साधारण १५ सेंटिमीटर व्यासाची, कुठेही तीक्ष्ण घडी न पडता, व्हॉल्व्ह सगळ्यात बाहेरच्या वेढ्यावर. रबरबँडऐवजी कागदाची रुंद पट्टी सैल लावा. एका पिशवीत एकच ट्यूब, सोबत सिलिका जेलची (ओल शोषणाऱ्या दाण्यांची) ५ ग्रॅमची पुडी. पिशवी बंद करताना हलक्या हातानं हवा काढा. व्हॅक्यूम यंत्र वापरू नका, ते वेटोळ्यांच्या घड्या करून टाकतं. पिशवीवर खरेदीची तारीख, मापं आणि पंक्चर असेल तर त्याची जागा लिहा. ट्यूबवर मार्करनं लिहू नका.

या पिशव्या घट्ट झाकणाच्या, रबरी कड असलेल्या, अपारदर्शक डब्यात. पारदर्शक डबा असेल तर बाहेरून काळी पिशवी. ५ लिटरचा डबा तीन-चार ट्यूबना पुरतो. त्यात आणखी २० ते २५ ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. ४० ते ६० टक्के दिसलं की झालं, शून्याच्या मागे लागायचं कारण नाही.

सिलिका जेल किती लागतं याबद्दल अतिशयोक्ती फार ऐकू येते. ५ लिटर दमट हवेत पाणी जेमतेम ०.१२ ग्रॅम. २० ग्रॅम सिलिका जेल मध्यम आर्द्रतेत सहज ३-४ ग्रॅम पाणी धरतं. म्हणजे एकदा बंद केलेल्या डब्याला हे भरपूर आहे. संपतं ते दर आठवड्याला डबा उघडून बघण्यानं. पावसाळ्याआधी एकदा आणि मध्ये दीड-दोन महिन्यांनी एकदा उघडून बघा, आणि मापकाचा आकडा ७० च्या वर गेला असेल तरच दाणे बदला. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ नको. ओले झालेले दाणे ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा कामाला येतात. कपाटात लटकवायच्या, पाणी जमा करणाऱ्या पुड्या डब्यात घालू नका. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, आणि पिशवी फुटली तर व्हॉल्व्हवर खारं पाणी ओतल्यासारखंच. ऑक्सिजन शोषणाऱ्या लोखंडी भुकटीच्या पुड्या वापरायच्या असतील तर सिलिका जेलसोबत नकोत: त्या पुड्यांना काम करायला थोडी ओल लागते, आणि सिलिका ती हिरावून घेतं.

फ्रीजचं काय?

रसायनाच्या दृष्टीनं फ्रीज उत्तम. ५ अंशांना जुनं होणं बरंच मंदावतं, आणि या तापमानाला पक्क्या केलेल्या रबराचं काही बिघडत नाही, थोडं ताठर होतं इतकंच. पेच बाहेर काढताना येतो. पावसाळी हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो, २६ अंशांच्या आसपास असतो. ५ अंशांची पिशवी बाहेर येताच तिच्यावर पाणी धरतं, आणि ती त्याच क्षणी उघडलीत तर ट्यूबवरही. म्हणून फ्रीजमधून काढलेली पिशवी बंदच ठेवून १२ तास खोलीत राहू द्या, मग उघडा. रोज उघड-बंद होणाऱ्या घरच्या फ्रीजच्या दारात ठेवण्यात अर्थ नाही, मागच्या कोपऱ्यात ठेवा, दुहेरी पिशवीत. एक-दोन ट्यूब वर्षभर ठेवायच्या असतील तर एसीच्या खोलीतला डबा पुरे. फ्रीजचा खटाटोप दहाच्या वर ट्यूब बाळगणाऱ्या क्लबनं करावा.

किती घ्याव्यात, केव्हा

ट्यूबवर उत्पादनाची तारीख बहुधा नसते. तुमच्या हाती येण्याआधी ती कुठल्या गोदामात किती उन्हाळे काढून आली हे कळायला मार्ग नाही. म्हणून सवलत दिसली की सहा-आठ घेऊन ठेवणं आपल्या हवेत तोट्याचं. दोन चाकांच्या दोन आणि शिल्लक दोन, बस. मागवायच्या त्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. एप्रिल-मे मध्ये पार्सल कुरियरच्या गाडीत नि पत्र्याच्या शेडमध्ये दिवसेंदिवस भाजतं. आल्याबरोबर खोका उघडून वरच्या रीतीनं ठेवा. नीट ठेवलेली ट्यूब किनाऱ्यावर दोन वर्षांत वापरून टाकावी, हा माझा आडाखा. फ्रीजमध्ये याहून बरीच जास्त चालेल.

वाटेत लागेल म्हणून सीटखालच्या सॅडलबॅगेत लेटेक्स ट्यूब बाळगू नका. तिथे ऊन, घाम, पान्यांचं घर्षण, सगळंच आहे, आणि रस्त्याच्या कडेला लेटेक्स बसवणंही जिकिरीचं, टायरच्या कडेखाली ती पटकन अडकते. बॅगेत ब्युटाइल किंवा टीपीयूची (पातळ, लवचीक प्लास्टिकची) ट्यूब ठेवा, टाल्क लावून, छोट्या पिशवीत.

चाकात बसवलेली ट्यूब

खरं तर न वापरत्या ट्यूबसाठी टायर हीच बरी जागा आहे: अंधार आहे, हवेचा वावर कमी आहे. पण लेटेक्समधून हवा झिरपते, दिवसाला १० ते २० पीएसआय. पावसाळ्यात सायकल दोन महिने उभी राहिली तर टायर बसतो, सायकलचं वजन एकाच घडीवर येतं आणि ट्यूब तिथे दुमडून राहते. सायकल लटकवा, किंवा चाकं काढून टांगा, आणि आठवड्याला पंपाचे काही फटके देऊन आकार टिकेल एवढी, २०-३० पीएसआय हवा ठेवा. पूर्ण दाबानं भरून ठेवू नका. बऱ्याच दिवसांनी परत भरताना आधी टायरची कड दोन्ही बाजूंनी चाकभर आत दाबून बघा, ट्यूब कुठे कडेखाली आलेली दिसली तर हवा सोडून पुन्हा बसवा. रिम ब्रेक (रिमवरच दाबणारा ब्रेक) असलेल्या कार्बन रिमवर लेटेक्स नको म्हणून काही रिम कंपन्या बजावतात, ते ब्रेकच्या उष्णतेमुळे. घाट उतरणाऱ्यांनी ते गांभीर्यानं घ्यावं. आत सीलंट (पंक्चर आपोआप बुजवणारं द्रव) घातलेली ट्यूब काढून साठवायची नाही. सीलंट सुकताना आतल्या भिंती एकत्र चिकटवतो, त्या सोडवताना फाटतात.

बसवण्याआधीची तपासणी

साठवणीतून काढलेली प्रत्येक ट्यूब टायरबाहेर थोडी हवा भरून बघा, नैसर्गिक आकाराच्या दीडपट फुगेल इतकीच. जास्त भरलीत तर एका ठिकाणी फुगा येतो आणि तिथली भिंत कायमची पातळ होते. अर्धा तास ठेवा. उजेडासमोर धरून फिरवा: सुईच्या टोकाएवढे उजळ ठिपके म्हणजे पातळ जागा, आडव्या बारीक रेषा म्हणजे ओझोनच्या चिरा, तपकिरी पट्टा म्हणजे उजेड किंवा उष्णता लागलेली बाजू. एकसारखी पांढुरकी झाक असेल आणि बोटानं पुसली जात असेल तर घाबरू नका, ती पावडर किंवा आतून वर आलेलं गंधक-मेण असतं. बुरशी ठिपक्यांनी येते आणि तिला वास असतो. मग हवा सोडून हातानं दुप्पट ताणा आणि सोडा. लगेच परत आली पाहिजे. सावकाश परत येत असेल, किंवा ताणल्यावर पृष्ठभाग खरखरीत दिसत असेल तर ती गेली. व्हॉल्व्हच्या बुडाभोवतीचं रबर वेगळं ताणून बघा, तुमच्या तिसऱ्या ट्यूबचा निकाल तिथेच लागेल: मऊ, पिवळट किंवा चिकट निघालं तर कात्री.

कात्री लावताना सगळी ट्यूब टाकू नका. व्हॉल्व्हपासून हातभर दूरचं रबर ताणून टवटवीत निघालं तर त्याचे अडीच-तीन सेंटिमीटरचे गोल तुकडे कापा, कोपरे न ठेवता, कोपरे सुटतात. लेटेक्सला लेटेक्सचंच ठिगळ सगळ्यात चांगलं बसतं, कारण दोन्ही सारखीच ताणली जातात. दोन्ही बाजू बारीक काचकागदानं किंचित खरडून, सोल्यूशनचा पातळ थर देऊन, तो पूर्ण कोरडा दिसेपर्यंत थांबा. दमट दिवशी यालाच नेहमीच्या दुप्पट वेळ लागतो, आणि घाई केली की ठिगळाखाली बुडबुडे राहतात. चिकटलेल्या पहिल्या ट्यूबचे तुकडे मात्र यात मिसळू नका.